चपला गाडीतच ठेवा!

महमूदभाईंच्या गाडीतून गेलेला माणूस बावीस वर्षांत एकदाही हरवला नव्हता! हे ते स्वतःच सांगत, आणि कुणी विचारायची वाट न बघता सांगत. नगरहून शिर्डी, शिर्डीहून शिंगणापूर, तिथून नेवासा आणि दिवेलागणीला परत नगर, असा त्यांचा बावीस वर्षांचा रतीब होता. दर्शनाच्या गर्दीत लोकांची पाकिटं हरवत, मोबाईल हरवत, एकदा तर एका पार्टीचा अख्खा सासरा हरवला. पण तो दुसऱ्याच्या गाडीतला! महमूदभाईंची मंडळी जेवढी उतरत, तेवढीच मोजून परत चढत.

याचं गुपित एका वाक्यात होतं. गाडी पार्किंगला लागली, की ते मागे वळत, हात वर करत आणि खणखणीत आवाजात सांगत, "चपला गाडीतच ठेवा!"

बाहेर काढलेली चप्पल चोरीला जाते, हे झालं सगळ्यांना माहीत असलेलं कारण. महमूदभाईंचं खरं कारण वेगळंच होतं. ज्याची चप्पल गाडीत, तो माणूस गाडीकडे आलाच पाहिजे! अनवाणी माणूस जाऊन जाऊन जाणार कुठं? उन्हाळ्यात शिर्डीच्या तापलेल्या डांबरावरून तर लोक पळत गाडी शोधत यायचे. "मला हाका माराव्या लागत न्हाईत," महमूदभाई मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "चप्पलच हाक मारती."

अशा माणसाला जानेवारीच्या अखेरीस प्रज्ञा सिस्टरांचा फोन आला.

प्रज्ञा सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या इन्चार्ज सिस्टर. दोन वर्षांपूर्वी महमूदभाईंच्या बायकोचं, जरीनाभाभींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा या बाईंनी सख्ख्या बहिणीसारखं केलं होतं. तेव्हापासून सिस्टरांनी गाडी मागितली की महमूदभाई दुसरी पार्टी सोडून धावत. पण या वेळची मागणी त्यांच्या डोक्यात शिरेचना.

"म्हंजी मी तुमाला रतनवाडीला सोडायचं?" त्यांनी विचारलं.

"हो. शुक्रवारी सकाळी. मी आणि माझी नणंद, सुरेखा."

"आन् घ्यायचं पाचनईला?"

"रविवारी दुपारी चार वाजता."

"मग मधल्या टायमाला गाडी कुठं लावू?"

"तुमची तुम्ही कुठंही लावा. मधलं आम्ही चालणार आहोत. रतनगड, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत आणि तिथून पाचनई. तीन दिवस."

"सिस्टर," महमूदभाई कळवळून म्हणाले, "राजूरवरून वळसा हाय खरा, पन गाडी जाती की तितं! मी नेतो ना!"

मग सिस्टरांनी सगळं उलगडून सांगितलं. त्यांना मे महिन्यात हिमालयात जायचं होतं. गिर्यारोहणाच्या एका संस्थेकडे अर्ज केला होता. संस्थेनं उत्तर पाठवलं, की आपलं वय एक्कावन्न आहे, तेव्हा आधी रतनवाडी ते पाचनई ही वाट संपूर्ण पायी करून दाखवा, फोटो पाठवा, मध्ये कुठेही वाहन वापरलं तर अर्ज बाद. आणि अर्जाची मुदत त्या चालीनंतरच्याच आठवड्यात संपत होती.

"सत्तावीस वर्षं वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतेय, महमूदभाई," सिस्टर म्हणाल्या. "एकदा तरी सरळ पुढं चालायचंय मला. परत न वळता."

महमूदभाईंनी शुक्रवार आणि रविवार डायरीत लिहून घेतले. त्या रात्री त्यांनी जरीनाभाभींना सांगितलं, "बघ, सिस्टरांचं हे काम म्हंजी आपलंच काम. सोडायला आन् आनायला मी हाय. सोयीत एक चूक व्हनार न्हाई!"

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी सकाळी नऊला गाडी रतनवाडीत पोचली. वाट दाखवणारा कोंडीराम घराच्या ओट्यावर वाटच बघत होता. पाठीवरच्या सॅका उतरवल्या, ओट्यावर ठेवल्या. कोंडीराम म्हणाला, "आदी देऊळ बगून घ्या. जुनं काम हाय, लई झ्याक. मग निगू."

देवळासमोर गाडी उभी होती. दोघी देवळाकडे वळल्या. आणि महमूदभाईंचा हात आपोआप वर गेला.

"चपला गाडीतच ठेवा!"

आता, नगर जिल्ह्यात जन्म काढलेल्या बायका! हे वाक्य ऐकून आजवर कुणी प्रश्न विचारलाय का? दोघी मुकाट्यानं गाडीच्या दारात टेकल्या, नाड्या सोडल्या आणि बूट सीटखाली सरकवले. सिस्टरांचे निळे, सुरेखाचे लाल. दोन्ही जोड नवेकोरे, खास या वाटेसाठी घेतलेले. घालून झाले होते ते फक्त घराच्या गच्चीवर.

"महमूदभाई, आता तुम्ही निघा," सिस्टर म्हणाल्या. "उगाच आमच्यासाठी खोळंबू नका. रविवारी चार वाजता, पाचनई!"

महमूदभाईंनी गाडी वळवली, दोनदा हॉर्न दिला. देवळाच्या पायरीवर अनवाणी उभं राहून दोघींनी आपल्याच बुटांना हसत हसत निरोप दिला. कोंडीरामनंही हात हलवला. सगळं इतकं वेळेवर आणि बिनचूक झालं होतं, की महमूदभाई राजूरपर्यंत शीळ घालत आले.

राजूरच्या स्टँडजवळ कल्याणची भेट झाली. कल्याण हा राजूर ते पाचनई क्रूझर चालवणारा, महमूदभाईंचा जुना दोस्त. चहा सांगितला, भजी सांगितली. भजी येईपर्यंत महमूदभाईंनी सवयीप्रमाणे गाडी झाडायला घेतली. मागच्या सीटखाली झाडू अडला. वाकून बघतात तर बूट! दोन जोड!

आणि वाचकहो, महमूदभाईंना अगदी हायसं वाटलं. बावीस वर्षांची सवय ती! गाडीत चपला दिसल्या, की पार्टी जवळपासच आहे, असं त्यांचं मन स्वतःच ठरवून टाकायचं. ते निवांत येऊन बाकावर बसले.

"कुनाचे रे बूट?" कल्याणनं विचारलं.

"पार्टीचे."

"पार्टी कुठंय?"

"येईल की! बूट हितं हायेत, जाती कुठं?"

भजी आली. दुसरा चहा आला. कल्याणच्या पोरीचं दहावीचं बोलणं झालं, डिझेलचं झालं, मिरजगावच्या बाजाराचं झालं. तासभर असा गेल्यावर कल्याण एकदम म्हणाला, "पन महमूद, पार्टी तर तू डोंगरात सोडली म्हनला हुतास ना?"

महमूदभाईंच्या तोंडातली भजी तोंडातच राहिली.

त्यांनी सिस्टरांना फोन लावला. फोन कव्हरेजच्या बाहेर. परत लावला. परत बाहेर. तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. जरीनाभाभी!

"सिस्टर पोचल्या का हो नीट?"

"पोचल्या."

"सगळं सामान घेतलं ना त्यांनी?"

"घेतलं," महमूदभाई म्हणाले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "बूट सोडून."

पुढची तीन मिनिटं त्यांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला होता, तरी कल्याणला सगळं ऐकू येत होतं. "या अल्लाह! त्या माउलीनं माझ्या उशाशी रात्ररात्र काढली, आन् तुम्ही तिला काट्याकुट्यात अनवाणी सोडून भजी खाताय?" भजीचं त्यांना कसं कळलं, हे महमूदभाईंना आजतागायत समजलेलं नाही.

गाडी परत रतनवाडीला पळाली. कोंडीरामच्या ओट्यावर त्याची बायको मुक्ताबाई तांदूळ पाखडत बसली होती. तिनं आधी गाडीकडे बघितलं, मग महमूदभाईंकडे.

"तुमीच का ते हुशार डायवर?"

महमूदभाईंना मान वर करवेना.

"बिचाऱ्यांनी तासभर वाट बगितली," मुक्ताबाई म्हणाली. "मोठी बाई सारखी म्हनायची, आमचा डायवर लई हुशार हाय, येईलच मागारी. न्हाई आला. मग गेल्या."

"अनवाणी गेल्या?" महमूदभाईंनी घाबरत विचारलं.

"अनवानी कशाला? माजे पावसाळ्यातले पलास्टिकचे बूट दिले एकीला. दुसरीला ह्यांच्या जुन्या टायरच्या चपला, सुतळीनं बांधून. आमी काय पावन्यांना अनवानी पाठवू व्हय?"

"मी देऊन येतो त्यांचे बूट. आत्ता!"

मुक्ताबाईनं त्यांच्या पायातल्या जाळीच्या चपलांकडे आणि शर्टातून पुढे आलेल्या पोटाकडे नीट बघून घेतलं. महमूदभाई बूट घेऊन तावातावानं निघाले. वीस मिनिटांनी एका ओढ्यापाशी धापा टाकत बसले. पाऊण तासानं परत ओट्यावर आले.

"लई उंच हाय हो गड," ते म्हणाले.

"गड अजून लांब हाय. तुमी वढ्यापात्तूर गेलता." मुक्ताबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "असं करा, त्या उद्या सांजच्याला कुमशेतला उतरतील. भागिरथीबाईकडं मुक्काम हाय. तितं गाडी जाती. परवा सकाळी त्या निगायच्या आत गाठा त्यान्ला."

झालं, मार्ग निघाला! अडचण एवढीच होती, की शनिवारी महमूदभाईंना मिरजगावच्या आप्पासाहेबांचं कुटुंब शिर्डीला न्यायचं होतं. महमूदभाई मूळचे मिरजगावचेच. गावच्या माणसाला नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी ठरवलं, की शनिवारी शिर्डी करू, तिथून संध्याकाळी राजूर गाठू, कल्याणकडे पाठ टेकू आणि रविवारी पहाटे कुमशेत!

शनिवारी शिर्डीला गाडी पार्किंगला लागली. महमूदभाई मागे वळले, हात वर केला आणि सीटखालच्या निळ्या-लाल बुटांवर त्यांची नजर पडली. वर गेलेला हात त्यांनी खाली घेतला.

"काय, महमूद?" आप्पासाहेब म्हणाले. "चपलांचं काय करायचं?"

"तुमचं तुमी बघा, आप्पासाहेब," महमूदभाई खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

आप्पासाहेबांनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. आणि नेमकी त्याच दिवशी आप्पासाहेबांची कोल्हापुरी चोरीला गेली.

रविवारी महमूदभाई उजाडता उजाडता राजूरहून निघाले खरे, पण डोंगराच्या रस्त्यानं वेळ खाल्ला. कुमशेतला पोचायला साडेसात झाले. भागिरथीबाई अंगण झाडत होती.

"गेल्या की वो!" ती म्हणाली. "अर्धा तास झाला."

"पाय कसे हायेत त्यांचे?"

"झ्याक हायेत! कोंडीराम दमला, पन बाई न्हाई दमली. तुमी गाडी घेऊन पाचनईला जा. सांजच्याला येतील तितं."

इथं महमूदभाईंनी हे ऐकलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण दोन दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर सिस्टरांचे पाय येत होते. गेल्या आठवड्यात नगरला झेरॉक्सच्या दुकानात अर्जाची पानं लावताना दिसलेल्या सिस्टर येत होत्या. त्यांनी मनाशी हिशेब मांडला. पुढं कोण, तर दोन बायका. एकीच्या पायात प्लास्टिक, दुसरीच्या पायात टायर आणि सुतळी. अंतर अर्ध्या तासाचं.

"मावशी, नगरच्या ट्राफिकमधी मी अर्धा तास चुटकीसरशी भरून काढतो," ते म्हणाले. "हा गेलो आन् हा आलो. गाडी हितंच ऱ्हाऊ द्या."

हात मोकळे असावेत म्हणून त्यांनी दोन्ही जोडांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि चारही बूट गळ्यात अडकवले. भागिरथीबाई काहीतरी म्हणणार होती. पण तोंडावर पदर धरून ती घाईनं आत गेली.

पहिल्या तासातच महमूदभाईंना त्या दिसल्या! समोरच्या उतारावर तीन ठिपके, मधला निळ्या टोपीचा. महमूदभाईंनी छाती भरून हाक मारली, "सिस्टऽऽऽर! बूऽऽऽट!" ठिपके थांबले. निळ्या टोपीनं हात हलवला. महमूदभाईंनीही आनंदानं दोन्ही हात हलवले. मग ठिपके वळले आणि चालू लागले.

ते पुन्हा दिसले नाहीत.

दुसऱ्या तासात उजव्या चपलेचा अंगठा तुटला. तिसऱ्या तासात डावीचा. महमूदभाईंनी बुटांकडे बघितलं. सुरेखाचे लाल बूट जरा मोठे वाटत होते, म्हणून एका दगडावर बसून प्रयत्न केला. बोटं आत गेली आणि तिथंच अडकली. बूट ओढून काढायला पाच मिनिटं लागली. आता त्यांच्या गळ्यात चार बूट होते आणि पायात एकही नव्हता.

दगड तापले होते. खडे टोचत होते. एका सरळ, सोप्या वाटेवरून चालताना महमूदभाई "आई गं" म्हणून थांबले आणि त्यांना शिर्डीची पार्किंग आठवली. उन्हात एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत गाडी शोधणारी माणसं आठवली. बावीस वर्षं ते त्या नाचाला हसत आले होते.

दुपारी वाटेत एक वाडी लागली. दारात बसलेल्या बनुबाई नावाच्या म्हातारीनं हा माणूस येताना बघितला. अंगात पांढरा शर्ट, पाय अनवाणी, चाल लंगडी आणि गळ्यात बुटांचा हार! ती हातातलं काम टाकून उठली.

"काय गुन्हा केला रं, भाऊ?"

"गुन्हा न्हाई, मावशी—"

"मग गावानं धिंड का काडली? कोनतं गाव?"

"धिंड न्हाई! बूट द्यायला चाललोय. दोन बायांना."

बनुबाईनं हे मनात घोळवलं. "बूट बायांचे?"

"व्हय."

"तुज्या गळ्यात?"

"व्हय."

"म्हंजी बायांनीच घातला हार," ती समजुतीनं म्हणाली. "आसू दे. पुन्यांदा कुना बाईच्या वाटंला जाऊ नको." आणि तिनं त्यांना पोटभर ताक पाजलं, पायांना गोणपाटाचे तुकडे बांधून दिले आणि पाचनईच्या वाटेला लावलं. महमूदभाईंना खुलासा करायचं त्राण उरलं नव्हतं. त्यांनी चूक कबूल करून टाकली.

संध्याकाळचे पाच. पाचनईतल्या छपराच्या हॉटेलपुढे सिस्टर, सुरेखा आणि कोंडीराम बाकावर बसले होते. साडेतीनलाच पोचले होते. वाट पूर्ण झाली होती, पाय शाबूत होते आणि सिस्टरांच्या चेहऱ्यावरून आनंद उतू जात होता. फक्त गाडी आली नव्हती. तिघांची नजर रस्त्याकडे होती. महमूदभाई मागच्या बाजूनं, झाडीतून आले.

सुरेखानं आधी बघितलं. "वहिनी," ती हळूच म्हणाली, "ड्रायव्हर चालत आला."

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "महमूदभाई! गाडी कुठंय?"

"कुमशेतला."

"आणि तुम्ही?"

"मी... हे बूट आनलेत, सिस्टर." त्यांनी गळ्यातला हार काढून दोन्ही हातांनी पुढे धरला आणि एवढा दांडगा माणूस घळाघळा रडायला लागला. "चूक झाली. तुमाला माझ्यामुळं अनवाणी... अर्धा तास म्हनलो मी. अर्धा तास काय सरंनाच!"

सिस्टरांनी त्यांना बाकावर बसवलं. गरम पाणी मागितलं, गोणपाट सोडलं, सॅकमधून मलम आणि पट्ट्या काढल्या. एकेक फोड बघताना त्यांचा चेहरा वॉर्डातल्यासारखा झाला होता.

"सकाळी डोंगरावरून हाका मारणारे तुम्ही होता का?" त्यांनी विचारलं. "आम्हाला वाटलं, कुणी गुरं हाकतंय."

"मीच हुतो."

"हे बघा, महमूदभाई, रडू नका. मुक्ताबाईंच्या प्लास्टिकच्या बुटांत मला तीन दिवसांत एक फोड आला नाही. हे नवे बूट घातले असते, तर पहिल्याच दिवशी पाय सोलून निघाले असते. तुम्ही गाडी घेऊन गेलात म्हणून तर माझी वाट पुरी झाली!"

"तुमी माझी समजूत काढताय."

"बघायचंय?" सिस्टरांनी निळे बूट पायात चढवले आणि शेवटच्या फोटोसाठी गावाच्या पाटीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. आतापर्यंतच्या सगळ्या फोटोंत त्यांनी पाय लपवले होते. गवतात, दगडामागं, कोंडीरामच्या सॅकमागं! हिमालयात जाणाऱ्या बाईच्या पायात पावसाळी प्लास्टिक दिसायला नको, म्हणून "सुरेखा, पाय येऊ देऊ नकोस गं!" असं त्या दर फोटोला ओरडत होत्या. हा एकच फोटो नखशिखांत निघाला. पाटीपासून बाकापर्यंत पन्नास पावलं चालून त्या परत आल्या आणि बूट काढला. टाचेवर फोड!

महमूदभाई रडता रडता हसले.

परतीला कल्याणची क्रूझर मिळाली. कोंडीराम मुक्ताबाईचे बूट काखेत मारून निघाला. महमूदभाईंना मागं, कांद्याच्या गोण्यांच्या मधोमध, पाय लांब करून बसवलं. राजूरहून सगळे एसटीनं नगरला आले. महमूदभाईंचे पाय असे सुजले होते, की आठवडाभर क्लच दाबायचं नाव नको, असं सिस्टरांनी बजावलं. गाडी भागिरथीबाईच्या अंगणातच राहिली.

मंगळवारी महमूदभाई पाय हळदीच्या पाण्यात सोडून बसले होते, तेव्हा एका अनोळखी साहेबांचा फोन आला.

"रतनवाडीच्या सहलीला प्रज्ञा मॅडमच्या सोबत तुमचीच गाडी होती ना? जरा चौकशी करायची होती. वाहनाची सोय कशी होती?"

महमूदभाईंनी ओळखलं. नवीन गिऱ्हाईक! त्यांनी पाय पाण्याबाहेर काढले, पाठ ताठ केली. चार दिवसांची सगळी शरम एका दमात धुऊन काढायची संधी चालून आली होती. ड्रायव्हर चालत आला, हे काय लोकांना सांगायचंय?

"एक नंबर सोय, साहेब! पहिल्यापास्नं शेवटपर्यंत मी त्यांच्या मागंच हुतो!"

"असं? म्हणजे तिन्ही दिवस?"

"तिन्ही दिवस! कुमशेतला सुद्धा गाडी नेलती. बाईमानसं हायेत म्हनल्यावर सोडतो व्हय मी? एक पाऊल चालू दिलं न्हाई त्यांना!"

पलीकडून कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग "आभारी आहे" म्हणून साहेबांनी फोन ठेवला. महमूदभाईंनी पाय समाधानानं परत पाण्यात सोडले.

बुधवारी सकाळी प्रज्ञा सिस्टर दारात उभ्या. हातात मोबाईल होता आणि डोळे लाल झाले होते.

"महमूदभाई, तुम्ही संस्थेच्या लोकांना काय सांगितलंत?"

"कुठल्या संस्थेच्या?" महमूदभाई म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांना उमगलं.

सिस्टरांनी उत्तर वाचून दाखवलं. एकाही फोटोत आपले पाय दिसत नाहीत. ज्या एका फोटोत दिसतात, त्यात तीन दिवसांच्या चालीनंतरही बूट दुकानातून आणल्यासारखे कोरे आहेत. अर्जात दिलेल्या क्रमांकावर फोन केला असता वाहनचालकाने सांगितले, की आपणांस एक पाऊलही चालू दिले नाही. सबब अर्ज बाद करण्यात येत आहे. काही म्हणणे असल्यास वाहनचालकाचे लेखी निवेदन सोबतच्या नमुन्यात उद्यापर्यंत पाठवावे. नातेवाइकांचे निवेदन चालणार नाही.

जरीनाभाभींनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ती बाई तीन दिवस चालली! आन् तुम्ही एका फोनात तिला गाडीत बसवली?"

महमूदभाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. "लिहून देतो," ते म्हणाले. "सिस्टर, काय खरं असंल ते सगळं लिहून देतो. लाज गेली तर जाऊ दे."

नमुन्याचा कागद आला. महमूदभाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं. प्रत्येक वाक्याला थांबले, घाम पुसला आणि पुढचं लिहिलं. ते असं होतं:

"मी, महमूद शेख, लिहून देतो की मी रतनवाडीनंतर या बाईंना कुठेही नेले नाही. त्यांचे बूट मात्र मी घेऊन गेलो. ते परत द्यायला रतनवाडीला गेलो, तेव्हा त्या निघून गेल्या होत्या. कुमशेतला गेलो, तेव्हाही निघून गेल्या होत्या. तिथून त्यांच्या मागे चालत गेलो, पण त्या फार जोरात चालतात. पाचनईला त्या आधी पोचल्या, मी दीड तासाने पोचलो. मी त्यांना तिथूनही घरी आणले नाही, कारण माझी गाडी माझ्याजवळ नव्हती. मलाच दुसऱ्याच्या गाडीतून आणावे लागले. फोनवर बोललो ते खोटे होते. बाई सगळी वाट चालल्या आहेत. माझ्या पायांचे फोटो जोडले आहेत."

सिस्टरांनी ते वाचलं. वाचता वाचता डोळे पुसले आणि पुसता पुसता हसू दाबलं. कागद संस्थेला गेला. दुपारभर सगळे मोबाईलभोवती बसून राहिले. चार वाजता उत्तर आलं आणि सिस्टर वाचून दाखवायच्या आधीच ओरडल्या, "निवड झाली!" जरीनाभाभींनी त्यांना मिठी मारली, साखर आणायला आत पळाल्या आणि गडबडीत मिठाचा डबा घेऊन आल्या. महमूदभाई पट्ट्या बांधलेल्या पायांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मेमध्ये सिस्टर हिमालयात जाणार होत्या!

"थांबा, खाली अजून एक ओळ आहे," सिस्टर म्हणाल्या. "निवेदनात चालकाच्या व्यवसायाचा रकाना कोरा राहिला आहे. भरून पाठवावा."

महमूदभाई खाली बसले. तेवढ्यात फोन वाजला. कुमशेतहून कुणाच्या तरी फोनवरून भागिरथीबाई विचारत होती, की गाडीच्या टपावर कोंबडी अंड्यांवर रवणीला बसली आहे, तर गाडी न्यायची घाई आहे का? महमूदभाई म्हणाले, "न्हाई, मावशी. बसू द्या."

मग त्यांनी पेन उचललं, एकदा आपल्या पायांकडे बघितलं आणि रकान्यात बारीक अक्षरांत लिहिलं, "प्रवासी वाहतूक."